ग्लेनकोलमकिलची प्रदक्षिणा : डोनेगॉलमधील चार दिवस

८ जून

डब्लिनहून आयर्लंडच्या वायव्येकडील डोनेगॉल जिल्ह्याला जाणारा जवळचा रस्ता एनिस्किलनवरून जातो, पण आम्ही तो घेतला नाही, कारण एनिस्किलन उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये येते. सीमेवर ना चौकी आहे ना फाटक. वेगमर्यादेच्या पाट्यांवर किलोमीटरऐवजी मैल दिसू लागले की देश बदलला असे समजायचे. मात्र भारतीय पारपत्रावर प्रवास करणाऱ्याला तेवढ्या पट्ट्यासाठीही कायद्याने ब्रिटनची परवानगी लागते. गंमत अशी की दोन महिन्यांसाठी पाहुणी म्हणून आलेल्या आईच्या आयरिश व्हिसावर दोन्ही देशांत फिरण्याची मुभा देणारी नोंद होती, आणि सहा वर्षे इथे राहून कर भरणाऱ्या मला मात्र ती मुभा नव्हती. “म्हणजे मी जाऊ शकते आणि तू नाही?” असे आईने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग भाड्याच्या मोटारीने आम्ही स्लायगोवरून निघालो. सारे अंतर सुमारे सव्वातीनशे किलोमीटर होते.

स्लायगो मागे पडल्यावर उजव्या हाताला बेन बुल्बेन नावाचा सपाट माथ्याचा डोंगर दिसू लागतो. उंची जेमतेम ५२६ मीटर असली तरी सह्याद्रीतल्या एखाद्या गडासारखा त्याचा कडा उभा तुटलेला आहे. आम्ही ज्या गावाला निघालो होतो त्याच्या नावातला संत कोलमकिल आणि या डोंगराचा पायथा यांचा जवळचा संबंध आहे. कोलमकिलचा जन्म ५२१ मध्ये डोनेगॉलमधल्या गार्टन येथे झाला. त्याने आपल्या गुरूकडची स्तोत्रांची पोथी गुपचूप उतरवून घेतली आणि ती नक्कल कोणाची यावरून वाद पेटला, अशी कथा आहे. “गाय ज्याची, वासरू त्याचे, तशी पोथी ज्याची, नक्कलही त्याची,” असा निवाडा राजाने दिला, तो कोलमकिलच्या कुळाला मान्य झाला नाही, आणि ५६१ मध्ये याच डोंगराखाली लढाई होऊन माणसे मारली गेली. दोन वर्षांनी तो स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील आयोना बेटावर निघून गेला, तो त्या रक्तपाताचे प्रायश्चित्त म्हणून, असे परंपरा सांगते. कोलमकिलच्या हातची म्हणून पूज्य मानलेली एक स्तोत्रपोथी डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत आजही आहे; तिची ५८ पाने उरली आहेत. आयरिश लोक देशांतराची गोष्ट सांगू लागले की ती पुष्कळदा या संतापासून सुरू होते, हे मला पुढच्या तीन दिवसांत ध्यानात आले.

किलिबेग्ज हे आयर्लंडमधले सर्वांत मोठे मासेमारी बंदर मागे टाकल्यावर रस्ता अरुंद होत जातो आणि पाट्यांवरचे इंग्रजी नाहीसे होते. हा गेल्टाख्त, म्हणजे आयरिश भाषा रोजच्या व्यवहारात टिकून असलेला अधिकृत प्रदेश. २००५ पासून इथल्या गावांची आयरिश नावेच कायदेशीर मानली जातात, त्यामुळे नकाशात ‘कॅरिक’ असे वाचून आलेल्या माणसाला पाटीवर ‘अन खारिग’ दिसते. फोनवरच्या नकाशामुळे आता कोणी हरवत नाही, पण पाटी वाचताना आपण दुसऱ्याच्या घरात शिरतो आहोत याची जाणीव होते.

शेवटच्या चढावरून खाली दरी दिसली तेव्हा संध्याकाळचे आठ वाजून गेले होते, तरी उजेड लख्ख होता. तीन बाजूंनी तपकिरी डोंगर, चौथ्या बाजूला अटलांटिक, मधून वाहणारी लहानशी नदी, आणि दरीभर एकेकटी विखुरलेली पांढरी घरे. ज्याला गावठाण म्हणावे असा भाग म्हणजे एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंची दुकाने, पब आणि चर्च. शेतांना सुट्या दगडांचे बांध होते. “अगं, हे तर आपले गडगे,” आई म्हणाली. तिचे माहेर देवरुखजवळचे.

९ जून

हा संत कोलमकिलचा स्मृतिदिन. ५९७ मध्ये याच तारखेला तो आयोना येथे वारला. दर वर्षी या दिवशी ग्लेनकोलमकिलमध्ये ‘तुरस’ चालतात. ‘तुरस’ या आयरिश शब्दाचा साधा अर्थ प्रवास, पण इथे तो यात्रेसाठी वापरतात. दरीत सुमारे पाच किलोमीटरच्या फेऱ्यात पंधरा ठिकाणे आहेत; कुठे कोरीव शिळा, कुठे दगडांची रास, कुठे चर्चचे अवशेष. जुनी रीत अनवाणी चालण्याची आहे, आणि काही जण मध्यरात्रीच निघतात. आम्ही सकाळी निघालेल्या वीस-पंचवीस जणांच्या घोळक्याबरोबर चालायचे ठरवले. आम्ही गावात ज्या घरी उतरलो होतो तिथल्या घरमालकीणबाई त्यांतल्याच एक होत्या.

पहिले ठिकाण पाहूनच मी चक्रावले, कारण ते ख्रिस्ती नव्हतेच. ते नवाश्मयुगातले एक दगडी थडगे होते, संत जन्मण्याच्या हजारो वर्षे आधीचे. त्याच्या शेजारी प्रोटेस्टंट पंथाचे चर्च उभे आहे आणि यात्रा मात्र कॅथलिकांची. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागेवर वेगवेगळ्या लोकांनी आपापले देव आणून बसवले, पण जागा सोडली नाही, ही गोष्ट आईला समजावून सांगावी लागली नाही. देवराईतल्या शेंदूर फासलेल्या दगडापाशी नंतर कोणते देऊळ उभे राहील हे कोकणातल्या माणसाला चांगले माहीत असते.

घोळका थडग्याभोवती तीन फेऱ्या घालू लागला, तेव्हा आईने माझा हात धरला. “उजवं घालून चाललेत,” ती म्हणाली. खरेच होते. मधला दगड उजव्या हाताला ठेवून, सूर्य जसा फिरतो तसे ते चालत होते. या फेरीला आयरिशमध्ये ‘जेशल’ म्हणतात. तो शब्द ज्या मूळ शब्दापासून आला त्याचे उजवा आणि दक्षिण असे दोन्ही अर्थ होतात, कारण उगवतीकडे तोंड करून उभे राहिले की उजवा हात दक्षिणेला येतो. संस्कृतातल्या ‘दक्षिण’ शब्दालाही नेमके हेच दोन अर्थ आहेत, आणि दोन्ही शब्द एकाच प्राचीन मुळातून फुटलेले आहेत, असे भाषाशास्त्र सांगते. मराठीत त्यातली दिशा तेवढी उरली आणि उजवेपण ‘प्रदक्षिणे’त लपून राहिले. मी हे डब्लिनमध्ये कधीतरी वाचले होते. पण गुडघाभर ओल्या गवतातून साठीतल्या बायका-पुरुषांना ओठांतल्या ओठांत जप करत तसे फिरताना पाहिले, तेव्हा वाचलेले पहिल्यांदा खरे वाटले. आईने बूट काढून हातात घेतले आणि ती त्यांच्या मागे चालू लागली. मी बूट काढले नाहीत. जूनमध्येही तिथली जमीन बर्फासारखी गार असते.

दुसऱ्या ठिकाणाच्या उंच शिळेवर भूमितीच्या आकृत्यांसारखे क्रूस कोरलेले आहेत, चौकटीत चौकट आणि रेषेत रेषा गुंफलेले. त्यावर एकही मानवी आकृती नाही. वाऱ्यापावसात हजारेक वर्षे उभी राहूनही नक्षीच्या कडा बोटाला लागतात. अशा कोरीव शिळा सबंध दरीत विखुरलेल्या आहेत. काही शेतांत आहेत, तर काही रस्त्यालगत उभ्या आहेत. त्यांना ना कुंपण आहे ना तिकीट. वारसा जपायचा म्हणजे त्याच्याभोवती गज लावायचे, हीच सवय असलेल्या मला प्रथम ते बेफिकिरीचे वाटले. पण या शिळा टिकल्या त्या पुरातत्त्व खात्यामुळे नव्हे, तर वर्षातून एकदा तरी कोणीतरी त्यांच्याभोवती फिरत आले म्हणून, असे आता मला वाटते.

पुढे उत्तरेकडच्या उतारावर कोलमकिलचे प्रार्थनामंदिर म्हणून ओळखले जाणारे अवशेष लागतात. आत ‘संताचा बिछाना’ म्हणून दगडांची एक जागा आहे. यात्रेकरू तिथे पाठ टेकून तीनदा कूस बदलतात आणि तिथली चिमूटभर माती बरोबर घेऊन जातात. ती घरात असली की आगीपासून रक्षण होते अशी श्रद्धा आहे. आईने ती माती रुमालाच्या टोकाला बांधली. “अंगाऱ्यासारखी,” एवढेच ती म्हणाली.

खरा दम निघतो तो विहिरीच्या चढावर. विहीर म्हणजे डोंगराच्या कुशीतला झरा, पण तिच्याभोवती माणसाच्या उंचीहून मोठी दगडांची रास रचलेली आहे. वर येणाऱ्या प्रत्येकाने चढावर तीन दगड उचलायचे, विहिरीला तीन फेऱ्या घालायच्या, दर फेरीला एक दगड राशीत टाकायचा आणि पाणी प्यायचे. सबंध रास अशीच झाली आहे. शतकानुशतकांची हजेरी तिथे दगडांत मोजलेली आहे, आणि या हजेरीपटात नावे नाहीत हे मला विशेष आवडले. वर पोचलो तेव्हा सरसरून पाऊस आला. कोणी आडोसा शोधला नाही. शोधला असता तरी तिथे एकही झाड नव्हते.

छिद्र असलेल्या शिळेचे ठिकाण बरेच पुढे लागते. ज्याचे मन निर्मळ त्याला त्या छिद्रातून स्वर्ग दिसतो असे सांगतात, आणि पूर्वी लग्न ठरलेली जोडपी दोन्ही बाजूंनी बोटे घालून इथे शब्द देत. आईने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिले आणि पलीकडे एक मेंढी आहे असे जाहीर केले. घरमालकीणबाईंनी ते ऐकून, इथे इतके दिसले तरी पुष्कळ, असे सांगितले.

फेरी पुरी व्हायला साडेतीन तास लागले. संध्याकाळी पबमध्ये फिडल वाजत होते. फिडल म्हणजे व्हायोलिनच, पण डोनेगॉलची वाजवण्याची ढब वेगळी आहे: सूर फारसे लाडावत नाहीत, गज भराभर आखूड फिरतो आणि लय धारदार असते. ही ढब स्कॉटलंडच्या संगीताला जवळची आहे, आणि त्यामागचे कारण संगीतात नसून पोटात आहे. बटाट्याच्या काढणीसाठी डोनेगॉलची माणसे पिढ्यान्‌पिढ्या हंगामापुरती स्कॉटलंडला जात आणि येताना मजुरीबरोबर चालीही घेऊन येत.

१० जून

सकाळी स्लीव्ह लीगचे कडे पाहायला गेलो. समुद्रातून सरळ ६०१ मीटर उठलेले हे कडे युरोपातल्या सर्वांत उंच सागरी कड्यांपैकी आहेत आणि प्रसिद्ध मोहरच्या कड्यांच्या जवळजवळ तिप्पट उंच आहेत. आम्हाला तिथे पांढरे धुके दिसले. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

परत येऊन ‘फोक व्हिलेज’ पाहायला गेलो. समुद्रकिनाऱ्याच्या वरच्या उतारावर गवताने शाकारलेल्या पांढऱ्या घरांचा हा पुंजका आहे. असली ठिकाणे मला सहसा सोसत नाहीत. गरिबीला चुना लावून ती गोंडस केलेली असते आणि बाहेर पडताना दुकान असते. दुकान इथेही आहे, आणि समुद्री शेवाळाची वारुणीसुद्धा विकायला ठेवलेली आहे. पण हे गाव कशासाठी उभे राहिले ते कळल्यावर माझे मत बदलले.

१९५१ मध्ये फादर जेम्स मॅक्डायर हे धर्मगुरू म्हणून ग्लेनकोलमकिलमध्ये आले. ते याच जिल्ह्यातले होते. महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये त्यांनी स्थलांतरित आयरिश मजुरांमध्ये काम केले होते, आणि बोटीवर चढलेल्या मुलांचे पुढे काय होते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. ते आले तेव्हा दरीत वीज नव्हती, नळाचे पाणी नव्हते आणि कारखाना नव्हता. तरुण मुले-मुली सोळा-सतरा वर्षांची झाली की ग्लासगो, लंडन किंवा अमेरिकेची वाट धरत. हे एकट्या ग्लेनकोलमकिलचे दुखणे नव्हते. १९५०च्या दशकात चार लाखांहून अधिक माणसे आयर्लंड सोडून गेली, आणि १९६१च्या जनगणनेत प्रजासत्ताकाची लोकसंख्या अवघी २८ लाखांवर आली. पण दुर्गम दरीत ते दुखणे अधिक झोंबते. शाळेत मुले नाहीत म्हणून शिक्षक जातो, शिक्षक नाही म्हणून उरलेले कुटुंब जाते, आणि बघता बघता छपरे खाली येतात.

मॅक्डायर प्रवचनांवर थांबले नाहीत. गावकऱ्यांच्या श्रमदानाने त्यांनी सार्वजनिक सभागृह उभारले, वीज आणि पाणी यांसाठी सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, आणि मग सहकारी तत्त्वावर विणकाम, भाज्यांवरील प्रक्रिया, मासळी, पर्यटकांसाठी घरे असे उद्योग एकामागून एक काढले. सर्वांनी जमिनी एकत्र करून कसाव्यात ही त्यांची सर्वांत धाडसी कल्पना होती. ती प्रत्यक्षात आली नाही. जमिनीच्या तुकड्यासाठी तीन पिढ्या जमीनदाराशी भांडलेला शेतकरी तो तुकडा धर्मगुरूने सांगितले म्हणून सामाईक करील, ही अपेक्षा जरा जास्तच होती, असे मला वाटते. सगळे उद्योगही टिकले नाहीत. टिकले त्यांत १९६७ मध्ये उघडलेले हे फोक व्हिलेज आहे. अठराव्या, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातल्या घरांच्या प्रतिकृती गावकऱ्यांनी स्वतः बांधल्या आणि आतले सामान आपापल्या घरांतून आणून मांडले. हेतू सरळ होता: येणाऱ्या पाहुण्याने इथे थांबावे, इथले विणलेले विकत घ्यावे, आणि त्या पैशावर गावातल्या एखाद्या मुलीची बोट चुकावी.

पहिल्या घरात मातीची जमीन, अंधार आणि धूर यांशिवाय फारसे काही नाही. वायव्य आयर्लंडमधल्या अशा घरांत एका टोकाला माणसे आणि दुसऱ्या टोकाला गुरे राहत, मध्ये भिंतही नसे. दुसऱ्या घरात चुलीशेजारची भिंत बाहेर काढून त्या कोनाड्यात म्हाताऱ्या माणसांसाठी बिछाना केलेला आहे. घरातली सर्वांत उबदार जागा त्यांची. छपराला जाळीसारखे दोर आवळून भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडी खुंट्यांना बांधले आहेत, नाहीतर अटलांटिकचा वारा पहिल्या वादळातच शाकारणी उचलून नेईल. आढ्याचा आकारही वाऱ्याला धार मिळू नये म्हणून गोलसर आहे. आई बराच वेळ ते दोर पाहत राहिली. तिच्या लहानपणी माहेरचे घरही दर वर्षी पावसाआधी शाकारले जाई. मग घरातले दोन कर्ते पुरुष मुंबईला गिरणीत लागले, मनीऑर्डर येऊ लागल्या आणि कौले आली.

चुलीत टर्फ जळत होता. दलदलीच्या जमिनीत हजारो वर्षे साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या विटा कापून, उन्हावाऱ्यात रचून, वाळवून हे जळण करतात. प्रदूषणामुळे २०२२ पासून त्याच्या विक्रीवर निर्बंध आले आहेत, पण दलदलीत कापण्याचा पिढीजात हक्क असलेल्याला घरापुरता टर्फ कापता येतो. त्याचा वास गोड आणि किंचित कडवट असतो; तो माझ्या कोटाला पुढे महिनाभर राहिला.

दुपारी मालिन मोरला एका ओळीत उभी असलेली सहा दगडी थडगी पाहिली. त्यांतली काही लोकांच्या परसातच आहेत. तिथून मालिन बेगच्या घोड्याच्या नालासारख्या पुळणीवर शंभराहून अधिक पायऱ्या उतरून गेलो आणि तेवढ्याच चढून आलो.

संध्याकाळी ‘इदास गेल’मध्ये डोकावलो. १९८४ पासून ही संस्था या गावात मोठ्या माणसांना आयरिश शिकवते. वर्गात जर्मनी आणि अमेरिकेतून आलेली माणसे होती, आणि शाळेत तेरा वर्षे आयरिश शिकूनही बोलता न येणारे डब्लिनकरही होते. बाहेरच्या बाकावर मला ‘तुम्ही कसे आहात’ शिकवण्यात आले: ‘गजे मार अता तू.’ शेवटचा ‘तू’ म्हणजे आपलाच ‘तू’, उच्चारासकट. ओळख नसलेल्या वयस्क शिक्षकाला पहिल्याच वाक्यात अरेतुरे करताना माझी जीभ अडखळली. त्यांना अर्थातच त्यात काही वावगे वाटले नाही.

११ जून

निघण्यापूर्वी पोर्ट पाहायचे ठरवले. दरीच्या उत्तरेला आठ-दहा किलोमीटरवर समुद्राकाठी हे ओसाड गाव आहे. रस्ता एका मोटारीपुरता असून मध्ये गवत उगवलेले आहे. समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा मागे घेताना माझा आरसा एका गडग्याला घासला. पोर्टमध्ये घरांच्या भिंती उभ्या आहेत, छपरे नाहीत. चुलीच्या जागेवरचे दगड काळे आहेत आणि आत मेंढ्या उभ्या होत्या. समुद्रात सुळक्यांची रांग आहे. दृश्य इतके देखणे आहे की इथून माणसे का गेली असतील हे क्षणभर कळत नाही. मग मासळी घेऊन बाजाराला जाण्याचा तो रस्ता पायी आठवून पाहावा. काल पाहिलेल्या तीन घरांसारखीच ही घरे आहेत, फक्त इथे कोणी मॅक्डायर आले नाहीत.

परतून सामान घ्यायला गेलो. घरमालकीणबाईंनी आईला सोडा ब्रेडचा अर्धा लादा बांधून दिला आणि एक धडाही दिला. आयरिशमध्ये निरोपाचे शब्द दोन आहेत: राहणारा जाणाऱ्याला ‘स्लान लत’ म्हणतो आणि जाणारा राहणाऱ्याला ‘स्लान अगत’. कोण जातो आहे आणि कोण राहतो आहे हे त्या भाषेत लपवता येत नाही. त्या म्हणाल्या, “स्लान लत.” आईने त्यांचे दोन्ही हात धरले आणि शिकवलेले विसरून म्हणाली, “येते हं.”

काय म्हणाल्या, असे त्यांनी मला विचारले. मी शब्दशः सांगितले. त्यांनी मोटारीच्या डिकीत ठेवलेल्या बॅगांकडे पाहिले, मग आईकडे, आणि दार उघडेच ठेवून आत चहाचे भांडे चुलीवरून उतरवायला गेल्या.